दुसरी गाठ

माझ्या भाचीने दोन पावसाळे गणपतीच्या शाळेत डोळे आखून ३८ हजार रुपये जमवले होते. आमच्याकडे कोकणात मूर्तीच्या कारखान्याला शाळाच म्हणतात. माती मळणारे, साच्यातून काढणारे, रंग मारणारे हात पुष्कळ असतात. आखणी करणारा हात मात्र एखादाच. चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायची. बारीक कुंचला रंगात बुडवायचा, वाटीच्या काठावर टोक करायचं, श्वास रोखायचा आणि भुवईची रेघ एका ओढीत काढायची. श्वास मधे सुटला तर रेघ हलते. पुसता येते, पण पुसलेलं दिसतं.

त्या पैशांतून तिला कॅमेरा घ्यायचा होता. ती चित्रकलेच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि दशावतारावर काहीतरी मोठं काम करायचं तिच्या मनात होतं. दसऱ्याच्या सुमाराला तिने मला तीन कॅमेऱ्यांचे स्क्रीनशॉट पाठवले. तिन्ही नवे, तिन्ही तिच्या पैशांच्या वर. पुण्यातल्या चुलत भावाने सांगितलं होतं की आता मिररलेसच घ्यायचा, जुनं काही घेऊ नकोस, वरचे पैसे हप्त्यांवर फिटतील. "मामा, सेल तीन दिवसांत संपतोय," तिचा फोन आला, "यातला कुठला घेऊ?"

मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्या कपाटात त्या प्रश्नाचं एक उत्तर पडून होतं. सहा वर्षांपूर्वी अशाच दिवाळीत मी हप्त्यांवर एक मोठा कॅमेरा घेतला होता, सोबत दोन लेन्स, बॅग आणि तिपाई. घेताना माझ्यापुढे दुकान होतं, किंमत होती आणि शेजाऱ्याचा कॅमेरा होता. फोटो कशाचे काढायचे हे नव्हतं. एक बारसं, एक गोव्याची सहल झाली आणि तो बॅगेसकट कपाटात गेला. हप्ते दीड वर्ष चालले. त्या दीड वर्षात घरातली दोन-तीन कामं मागे ठेवावी लागली, त्याची खंत मला अजून आहे.

म्हणून मी भाचीला आबांकडे घेऊन गेलो. माझा कॅमेराही बरोबर घेतला. चालत असेल तर तिला द्यावा असं मनात होतं.

कुडाळच्या बाजारात आबांचा स्टुडिओ चाळीस वर्षांचा. पुढच्या खोलीत आता मुलगा पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स बघतो. आबा मागच्या खोलीत बसतात. त्यांनी आधी माझी बॅग उघडली. बॅटरी फुगून आतच अडकली होती, खाचेतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. मग त्यांनी लेन्स काढून तिच्या एका टोकातून मोबाईलचा टॉर्च मारला आणि दुसरं टोक माझ्या डोळ्यापुढे धरलं. काचेच्या आत पांढऱ्या बारीक मुळ्या पसरल्या होत्या, रोपाच्या मुळांसारख्या, फांद्या फुटलेल्या. बुरशी होती. तीन-चार पावसाळे बंद बॅगेत, बंद कपाटात, कोकणातल्या दमट हवेत काढले की काचेवरही झाड उगवतं. "ह्यो गेलो," आबा म्हणाले आणि ते जरा वेळ गप्प बसले. आजारी माणूस उशिरा आणल्यावर डॉक्टर बसतात, तसे.

मग ते भाचीकडे वळले. तिने विचारलं, "आबा, कमी पैशांत चांगला कॅमेरा कुठला?"

"कसल्यासाठी व्हयो?"

"क्रिएटिव्ह कामासाठी. दशावतार करायचाय."

"दशावतारातला काय? नाटक? जत्रा? समोरसून की पाठसून? उभी रवान की बसान?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. आबांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुका त्यात नेमका काय बघूचा हा, तां आधी बघून ये गो," ते म्हणाले, "कॅमेरो मगे ठरवूया."

त्यांनी खणातून एक पुठ्ठ्याची चौकट काढली. पूर्वी पारदर्शिका ज्यात बसवून पडद्यावर दाखवत, त्या स्लाइडची ती रिकामी चौकट होती. तिच्या कोपऱ्याला त्यांनी शिवणाचा जाड दोरा बांधला आणि फूटपट्टी धरून चार गाठी मारल्या: ३५, ५०, ८५ आणि १३५ मिलिमीटरवर. दोरा डोळ्याखालच्या हाडाला टेकवायचा, चौकट त्या गाठीइतकी लांब धरायची आणि एक डोळा मिटून बघायचं.

हे मला माहीत नव्हतं, म्हणून सविस्तर सांगतो. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. आजच्या महागड्या, 'फुल फ्रेम' म्हणतात त्या कॅमेऱ्यांचा सेन्सर तेवढाच असतो. तेवढीच रिकामी चौकट डोळ्यापासून ५० मिलिमीटरवर धरली, की ५० मिलिमीटरची लेन्स जेवढं दाखवते जवळजवळ तेवढंच तिच्यातून दिसतं. ८५वर धरली की ८५ची लेन्स. म्हणजे एक पैसा खर्च न करता चार लेन्स खिशात घेऊन फिरता येतं. स्वस्तातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर याहून लहान, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. त्याला गाठीचा आकडा दीडने भागायचा, की लेन्स कळते.

"एक म्हयनो ह्येच्यातसून बघ," आबा म्हणाले. "जा बरा वाटात ता मोबाईलार काढ. मगे त्या फोटोची माहिती उघड आणि वहीत लिव. कुठची गाठ, किती आयएसओ, किती शटर."

"आणि सेल?"

"सेल फुडल्या वर्सा येतलो. जत्रा आता सुरू होतली."

भाची थोडी हिरमुसली, मला ते दिसलं. पण ती चौकट तिने वहीत जपून ठेवली.

कार्तिक सरता सरता जत्रा सुरू झाल्या. पहिल्या रात्री मी तिच्याबरोबर होतो. देवळापुढे मालवणी खाज्याची आणि खेळण्यांची दुकानं, पालखी फिरून गेलेली, मधल्या अंगणात रंगमंच. देवळाच्या एका बाजूला, पडवीत, दशावतारी मंडळींचा रंगपट होता. जमिनीवर ओळीने पेटारे मांडलेले. ज्याचा त्याचा पेटारा, त्याच्या उघड्या झाकणाला टेकवलेला आरसा, समोर मांडी घालून बसलेला नट. दशावतारात रंगभूषाकार वेगळा नसतो; प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो. सगळ्यांना मिळून छताला एक बल्ब.

तिने मंडळीच्या मालकांना विचारलं, "काका, मी इथे बसून बघू? फोटोत फ्लॅश मारणार नाही." त्यांनी मान हलवली आणि ती कोपऱ्यात बसली. नाटक सुरू झाल्यावर मात्र ती तिकडे गेली, रंगमंचासमोर उभी राहून गाठी बदलत राहिली. संकासुर आला, लोक हसले, आख्यान लागलं. पहाटे दोनला बघतो तर ती परत पडवीत. स्त्रीभूमिका करणारा एक नट दुसऱ्या प्रवेशासाठी कपाळाची कोर नव्याने आखत होता. दिवसा हा माणूस रिक्षा चालवतो. त्या बल्बखाली त्याचा अर्धा चेहरा राणीचा होता आणि हनुवटीखालची मान उन्हात रापलेली, रिक्षावाल्याची. भाची चौकट डोळ्याला लावून बसली होती आणि तिने किती तरी वेळ ती खाली घेतली नाही.

महिन्याभरात तिने अकरा रात्री काढल्या. पौष लागल्यावर आम्ही वही घेऊन आबांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि पानं उलटली. पहिल्या तीन रात्रींच्या नोंदी सगळीकडच्या होत्या: पालखी, दुकानं, रंगमंच, गर्दी. पाचव्या रात्रीपासून एकच शब्द खाली-खाली येत गेला होता. रंगपट. रंगपट, दुसरी गाठ, आयएसओ २०००, १/१५. रंगपट, दुसरी गाठ, आयएसओ ३२००, १/२०. हात हलला. रंगपट, दुसरी गाठ. कुंचला फिसकटला.

"सापडला तुका," आबा म्हणाले.

एवढ्या त्रोटक नोंदींतून त्यांनी जे वाचलं ते मला आजही थक्क करतं. दुसरी गाठ म्हणजे ५०. दीडने भागले की साधारण ३३, म्हणजे लहान सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स. झूम नको, कारण पाचव्या रात्रीपासून तिने जागा बदलली होती, गाठ बदलली नव्हती. आणि उजेड? १/१५ सेकंदात रंग लावणारा हात स्थिर दिसत नाही. कमीत कमी १/१०० तरी हवा.

त्यांनी कागदावर कंपासने दोन वर्तुळं काढली, एक सव्वासहा मिलिमीटरचं, एक साडेएकोणीस मिलिमीटरचं. मग आत हाक मारून उसळीसाठी निवडायला घेतलेल्या काळ्या वाटाण्यांतला एक दाणा मागवला आणि लहान वर्तुळावर ठेवला. मोठ्यावर गल्ल्यातला एक रुपया ठेवला. नव्या कॅमेऱ्यासोबत जी झूम लेन्स फुकट म्हणून येते, तिचं उजेड आत घेणारं भोक झूम केल्यावर एफ ५.६पर्यंत आवळत जातं. ३५ मिलिमीटरला एफ ५.६चं भोक त्या वाटाण्याएवढं. एफ १.८च्या लेन्सचं भोक रुपयाएवढं. दोन्हींच्या क्षेत्रफळात नऊपटीहून जास्त फरक. तोच बल्ब, तोच माणूस. वाटाण्यातून १/१० सेकंद लागेल तिथे रुपयातून १/१०० पुरेल. नवा कोरा महाग कॅमेरा घेऊन त्याला वाटाणा लावण्यापेक्षा दहा वर्षांपूर्वीचा घ्यावा आणि त्याला रुपया लावावा, हा हिशेब मग भाचीनेच मांडला.

वाटाणा बोटांत फिरवताना आबांना दादासाहेब फाळक्यांची आठवण झाली. १९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. चित्रपटाला पैसे लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि एका जागी कॅमेरा लावून त्याचं उगवणं चित्रित केलं. धनिकाला ते रोप पडद्यावर वाढताना दाखवलं आणि मग पैसे उभे राहिले. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झाला. त्यातली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने रंगवली होती. भाचीने हे ऐकलं आणि वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

कोकणकन्या एक्स्प्रेसने रात्री निघून आम्ही मुंबईला गेलो. फोर्टात, बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. एका जिन्याखालच्या दुकानात जुना माल मिळतो असं आबांनी सांगितलं होतं. दुकानदार भला माणूस निघाला. त्याने आधी एक मिररलेस दाखवला, त्याचं शटर अजिबात वाजत नाही म्हणून. रंगपटात शांतता बरी, असं मलाही वाटलं. पण त्या मुक्या शटरने दुकानातल्या एलईडी दिव्याखाली फोटो काढून बघितला तर भिंतीवर आडवे काळे पट्टे उमटले. स्वस्तातले एलईडी दिवे डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात आणि ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला ते लुकलुकणं पकडता येतं. जत्रेत एलईडीच असतात. शिवाय त्याला लागणारी एफ १.८ची लेन्स तिच्या पैशांत बसत नव्हती.

मग निकॉनचा डी ५३०० निघाला, २०१३च्या अखेरीस बाजारात आलेला. सेन्सर लहान, २४ मेगापिक्सेलचा. मेगापिक्सेलचा विषय तिथेच संपला, कारण ६००० बाय ४०००चा फोटो १२ बाय १८ इंचांवर छापायला पुरून उरतो आणि तिला त्याहून मोठा छापायचा नव्हता. तिचं लक्ष मागच्या पडद्यावर होतं. तो बाहेर उघडून वर वळवता येतो. कॅमेरा जमिनीलगत, पेटाऱ्याच्या उंचीला धरला तरी वरून बघता येतं. पालथं पडावं लागत नाही.

"३५ची लेन्स थोडी महाग आहे," दुकानदार म्हणाला, "ही ५०ची डी मालिकेतली घ्या. तीही १.८ आहे, निम्म्यात देतो."

मी हो म्हणणार होतो. भाचीने खिशातून चौकट काढली, तिसऱ्या गाठीच्या जरा अलीकडे, ७५वर धरली आणि दुकानातच मागे सरकू लागली. माझा चेहरा आणि हात दोन्ही चौकटीत येईपर्यंत तिची पाठ काचेच्या कपाटाला लागली. "पडवी याहून लहान आहे, मामा," ती म्हणाली. आणि दुसरंही एक होतं, जे आबांनी तिला बजावून सांगितलं होतं. त्या जुन्या लेन्सला स्वतःची मोटर नसते आणि या कॅमेऱ्याच्या अंगातही नाही, त्यामुळे फोकस आपोआप होत नाही, हाताने करावा लागतो.

तिने दुकानातून बाहेर येऊन गल्लीत वर दिसणाऱ्या आभाळाच्या पट्टीचा एफ २२वर फोटो काढला आणि मोठा करून बघितला. तीन काळे ठिपके होते. सेन्सरवरची धूळ, फुंकणीने जाणारी. मग टोपी लावून अंधाराचा फोटो काढला, पेटून राहिलेला ठिपका एखाददुसराच. लेन्समधून टॉर्च मारला, काच स्वच्छ. फोटोची फाईल दुकानदाराच्या लॅपटॉपवर उघडली, कारण निकॉनच्या फाईलमध्ये शटर किती वेळा पडलं ते लिहिलेलं असतं. ३१ हजार. हे शटर लाखभर वेळा चालेल अशी कंपनीने चाचणी घेतलेली आहे. कार्डाची खाच, तिपाईचा आटा, रबराची पकड, सगळं तिने कुंचल्याचे केस तपासावेत तसं बोटांनी चाचपलं. बॉडी १८ हजार, लेन्स साडेआठ, एक जादा बॅटरी आणि कार्ड मिळून दोन हजार तीनशे. बिलावर तिने दोन्हींचे अनुक्रमांक लिहून घेतले. माझ्या कॅमेऱ्याचे सुट्या भागांसाठी म्हणून अडीच हजार आले, ते मी तिच्या हातावर ठेवले. तिचे नऊ हजारांवर शिल्लक राहिले आणि ते तिने छपाईसाठी बाजूला ठेवले. या शिल्लकीचं मला फार अप्रूप वाटलं. मी कॅमेरा घेतला होता तेव्हा फोटो छापायला पैसे ठेवायचे असतात हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आबांनी कॅमेरा बघितला आणि घट्ट झाकणाचा तांदळाचा प्लास्टिकचा डबा दिला. आत सिलिका जेलची पुरचुंडी. "निळी आसा तवसर बरी," ते म्हणाले. "गुलाबी झाली की तव्यार मंद गरम कर. बॅगेत कधी ठेवू नको."

माघ, फाल्गुन, चैत्र असे तीन महिने ती गावोगाव फिरली. एका रात्रीत फार तर चाळीस फोटो काढायची. बाकीचा वेळ बसून असायची. नटांना तिची सवय झाली. कोणी पेटाऱ्यातून चणे द्यायचा, कोणी "बाय, जरा आरसो धर" म्हणायचा. बाहेर पखवाज आणि झांजा इतक्या वाजत असायच्या की शटरचा आवाज कोणाला ऐकूही येत नसे.

वैशाखात, हंगाम संपायच्या बेताला, तिने त्या राणीचा फोटो छापून आणला. मी बरोबर होतो. रिक्षावाल्या नटाने पायजम्याला हात पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी घेतला. त्यात कपाळाची कोर अर्धी झालेली होती, कुंचल्याच्या टोकावरचा रंगाचा थेंबही दिसत होता, सुटा आणि स्थिर. तो बराच वेळ बघत राहिला. मग पेटाऱ्याच्या झाकणात, आरशाच्या शेजारी त्याने तो खोचला आणि रंगायला बसला. एकदा आरशात बघे, एकदा फोटोत. मधेच त्याचा हात थांबला.

"ही उजवी भुवई माझी वर जाता," तो म्हणाला. "इतकी वर्सा रंगतंय. माका कोणी सांगूक नाय."

भाची म्हणाली, "मला दिसायचं. पण कसं सांगणार, काका?"

त्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या बोटांवर आखणीच्या कुंचल्याचा घट्टा होता, तो त्याला कधीच दिसला असेल. त्याने कुंचला वाटीच्या काठावर टेकवून टोक केलं आणि दांड्याकडून तिच्यापुढे धरला. "तूच आख."

बाहेर मालकांनी हाक मारली, पाच मिनिटं उरली होती. भाचीने कॅमेरा गळ्यातून काढून पेटाऱ्यावर ठेवला. त्याचा पडदा उघडाच राहिला, त्यात छताचा बल्ब दिसत होता. ती गुडघ्यांवर पुढे सरकली, डाव्या हाताने त्याची हनुवटी जराशी वर केली, आणि श्वास रोखला.